कणीक, भेंडी आणि सतरा शब्द

मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी माझ्या नातीचे कान तपासले, घसा पाहिला, तिच्यासमोर एक लाल चेंडू घरंगळवून पाहिला आणि माझ्या मुलीला सांगितलं, "ऐकू छान येतं. समजतंही सगळं. फक्त बोलत नाही. मोबाइल, टीव्ही पूर्ण बंद करा. घरात हातांनी खेळू द्या, तिच्याशी भरपूर बोला आणि तीन महिन्यांनी आणा. तोवर दोन शब्द जोडून बोलायला लागली तर उत्तम. नाहीतर मग थेरपी सुरू करू, आठवड्यातून तीन दिवस."

नात तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. थेरपीचं ठिकाण वाशीला, वेळ भर दुपारची, आणि माझ्या मुलीला दोन वर्षांच्या खंडानंतर बेलापूरला नोकरी लागून जेमतेम चार महिने झालेले. जावई जहाजावर असतो. तो समुद्रात असला की मायलेकी आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला येतात. म्हणजे थेरपी सुरू झाली की नोकरी गेली. हे दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच आम्हा दोघींना कळलं होतं. उड्डाणपुलावर रिक्षा अडकली तेव्हा मुलगी समोर बघत म्हणाली, "आई, तीन महिने झेपेल ना तुला?"

"अगं, बोलायचंच आहे ना?" मी म्हटलं. "त्यात मी कधी कमी पडलेय?"

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. जातानाही तोच होता, त्यामुळे त्याला अनुभव होता.

मी बोलते, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या नात्यात लग्न, मुंज, बारसं काहीही असलं की जेवणं झाल्यावर मला मध्ये बसवतात आणि "ती काकांच्या चपलांची गोष्ट सांग" अशी फर्माईश होते. मी सांगते. दर वेळी थोडी वाढवून सांगते. आमच्या अल्बममध्ये माझं तोंड मिटलेला एकही फोटो नाही. नवरा कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला आहे. दिवसभर सळया आणि पत्रे आदळत असतात, आणि तिथे जरा शांत वाटतं असं तो चारचौघांत सांगतो.

अशा घरातली पोर बोलेना, याची नातेवाइकांना आधी गंमतच वाटली. फेब्रुवारीत एका मुंजीला माझा धाकटा भाऊ भर पंगतीत म्हणाला, "ताईनं घरातले सगळे शब्द स्वतःच वापरून संपवले. नातीला उरणार कुठून?" पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. घरी आल्यावर साडीच्या पिना काढताना एक पिन बोटात गेली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या पिनेमुळेच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मुलीनं फ्रिजवर एक कागद लावला. त्यावर नातीला येणारे शब्द लिहिले. सतरा भरले. आई, बाबा, आजी, आबा, दे, नको, मम, भू असे. त्यात 'मान' हा शब्दही होता, म्हणजे विमान. गव्हाणकडे विमानतळ झाल्यापासून आमच्या डोक्यावरून विमानं जायला लागली आहेत, आणि नात प्रत्येक विमानाला बोट दाखवून त्याची मान मोडते. खाली नव्या शब्दांसाठी जागा सोडली होती. मुलगी शिस्तीची. तिनं नियम घातला, "तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. आणि आई, तू वाढवून सांगायचं नाहीस."

पहिल्या सोमवारी मुलगी आणि नवरा कामाला गेले आणि मी ओढणी कमरेला बांधली. कामाला लागायला तसा माझ्याकडे पूर्ण साठा होता. मुलीनं मला लहान मुलांच्या हस्तकलेचे पंचवीसेक व्हिडिओ पाठवले होते. नातीला मोबाइल दिसता कामा नये, म्हणून ते मी न्हाणीघरात कडी लावून बघायचे. त्या व्हिडिओंत एक बाई असते. तिची नखं स्वच्छ, टेबल स्वच्छ, आणि शेजारचं मूल तर इतकं स्वच्छ की ते त्या घरातलं आहे का अशी शंका यावी. बाई म्हणते, "घरातल्या वस्तूंपासून पाच मिनिटांत!" मी बाहेर यायचे तोवर आमच्या घरातल्या वस्तू जमिनीवर आलेल्या असायच्या.

भेंडीपासून सुरुवात केली. भेंडीचं देठाकडचं टोक कापून रंगात बुडवलं की कागदावर फूल उमटतं. मी तीन वाट्यांत रंग कालवले, जुनं वर्तमानपत्र पसरलं, नातीला समोर बसवलं आणि डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे भरपूर बोलायला लागले.

"ही बघ भेंडी. कसली आहे? हिरवी आहे. आपण तिला काय करूया? निळ्या रंगात बुडवूया. बुडली? बुडली! आता ठसा मारूया, हं, असा नाही, असा. कागद सरकतोय, थांब, आजी धरते. बघ कसं फूल आलं! फुलाला काय हवं? पान हवं. थांब, पान आजी काढते…"

नातीनं भेंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भेंडी खाल्ली. मग मी एकटीच ठसे मारत बसले. वेलीसारखी वेलांटी काढली, त्यावर फुलं उमटवली, कोपऱ्यात एक फुलपाखरूही जमलं. संध्याकाळी मुलीनं तो कागद हातात घेतला.

"हे तिनं केलं?"

"आम्ही दोघींनी."

"आई…"

"बरं बाई, तिनं कागद धरला होता."

"धरला होता?"

"त्यावर बसली होती."

जेवताना भाजीत एक निळी चकती निघाली. नवऱ्यानं ती ताटाच्या कडेला ठेवली आणि काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

एप्रिल असा गेला. अप्पेपात्राच्या खळग्यांत राजमा, वाटाणे आणि हरभरे वेगळे करायचा खेळ काढला. वेगळे मी केले. मी पाच मिनिटं आडवी झाले तेव्हा तिनं एक हरभरा माझ्या कानात घातला. पुठ्ठ्याच्या खोक्याला कपड्यांचे चिमटे लावून साळिंदर करायचं होतं. चिमटे मी लावले, तिनं ते काढून सोफ्याखाली टाकले, आणि दुसऱ्या दिवशी वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं समोरच्या गुलमोहरावर गेले. गॅलरीत दोन पातेली आणि एक वाटी देऊन पाणी ओतायचा खेळ मांडला. तो एकच तिला मनापासून आवडला. पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"काकूऽऽ! पाणी येतंय खाली!"

"उन्हाळ्यात तेवढाच गारवा हो!" मी वरून ओरडले. तेव्हापासून त्या मला कुरडया देत नाहीत.

आणि या सगळ्यात मी बोलत होते. सकाळी नऊला मुलगी निघाली की सुरू, संध्याकाळी सातला आली की थांबायचं. पनवेलचा मे महिना म्हणजे अंगाला चिकटलेला ओला टॉवेल. त्यात दुपारी वीज जाते. नात झोपत नाही, झोप मला येते, आणि मी पेंगत पेंगत बोलत असते. "हे काय आहे? हे खोकं आहे. खोक्यात काय आहे? खोक्यात आजीची कंबर आहे." कधी कधी माझा आवाज मलाच लांबून यायचा, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा. ऐकणाऱ्याची गाडी त्यात नसतेच.

रविवारी जावयाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याला मोबाइलबंदीतून सूट होती. तो बिचारा कुठल्यातरी बंदरातून वाकून वाकून बघायचा आणि आम्ही तिघं नातीला पुढे ढकलायचो. "बोल, बाबाशी बोल. बाबा म्हण. आज काय खाल्लं सांग. वरणभात खाल्ला ना? सांग, वरणभात." ती माझ्या मांडीत तोंड लपवायची. मग मीच सांगायचे की तिनं वरणभात खाल्ला. फोन ठेवल्यावर मुलगी फ्रिजसमोर जाऊन उभी राहायची. कागदावर सतरा शब्द होते तेवढेच होते.

आमच्याकडे गव्हाणहून एक मासेवाली येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. दारातच पाटी उतरवते, पाय पसरून बसते आणि कापूनही देते. नात तिला बघायला दाराशी जाऊन उकिडवी बसते. मेच्या पहिल्या आठवड्यात मासेवालीनं एका हातात बोंबील आणि दुसऱ्या हातात कोळंबी धरून नातीसमोर नाचवली.

"काय गो, काय देऊ तुला? बोंबील का कोलंबी?"

"तिला कोळंबी फार आवडते हो," मी आतून आले. "पण मागच्या वेळी पोटाला बाधली, त्यापेक्षा बोंबीलच द्या, मऊ असतात, काटाही…"

मासेवालीनं मान वर केली. "बाय, मी तुला इचारलं का? पोरीला इचारलं."

"अहो मावशी, ती बोलत नाही अजून."

"तू बोलू देशील तवा बोलंल ना! तिला तोंड हाय का नाय? मी बसले हाय, मला घाई नाय."

मला राग आला. इतका आला की मी दार लावून घेतलं आणि मासे घेतलेच नाहीत. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय भरपूर बोला म्हणून, आणि ही पाटीवाली मला शिकवणार? शुक्रवारीही मी दार उघडलं नाही. नवऱ्यानं विचारलं, "मासे का नाहीत?" म्हटलं, "ताजे नव्हते." आठवडाभर आम्ही दोडका खाल्ला.

त्या आठवड्यातच कणकेचा प्रकार झाला.

खरं तर कणकेशी खेळायचं हेच माझ्या जिवावर येत होतं. अन्न आहे, त्याच्याशी खेळू नये, सांडलं तर पायाखाली येऊ देऊ नये, असं ऐकत आम्ही वाढलो. पण व्हिडिओतल्या बाईनं कणकेत मीठ आणि हळद घालून पिवळाधमक गोळा केला होता, आणि त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काही सुचायची ताकद नव्हती. म्हणून दुपारी गोळा मळला, अर्धा नातीला दिला आणि अर्धा स्वतः घेतला.

तिनं आपला गोळा मुठीत दाबला, सोडला, परत दाबला. तेवढंच करत बसली. मी बोलता बोलता माझ्या गोळ्याचं काहीबाही करत होते. माझं माहेर पेणचं, घराच्या मागेच गणपतीचा कारखाना. लहानपणी शाळेतून आले की तिथेच पडीक असायचे. त्यामुळे माझ्या हातात माती, कणीक, साबण काहीही आलं की पाच मिनिटांत त्याला सोंड फुटते. मला कळायच्या आत गणपती तयार झाला. सोंड डावीकडे, पोट व्यवस्थित, सुपासारखे कान, डोळ्यांना दोन मोहऱ्या. छान झाला होता. इतका छान, की हात देव्हाऱ्याकडे गेला आणि मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

तेवढ्यात नातीनं पुढे होऊन त्याच्यावर मूठ उगारली. तिच्या दृष्टीनं तो दुसरा गोळा होता, दाबायचा राहिलेला.

"अगंऽऽ! बाप्पा आहे तो!" मी किंचाळले आणि गणपती उचलून कपाटावर ठेवला. मग ती रडली. दोन बोटं कपाटाकडे करून, उं उं करत, अर्धा तास. मी समजूत घालत होते. "बाप्पा हवा? बाप्पा झोपलाय. बाप्पाला मारायचं नसतं, जय करायचा. उद्या बाप्पा…" तिला काय हवं होतं हे मला स्वच्छ कळत होतं, आणि ते तिनं सांगायच्या आत मीच सांगून टाकत होते. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा फक्त डोकं दुखत होतं.

संध्याकाळी नवऱ्यानं चपला काढल्या, कपाटाकडे बघून सवयीनं हात जोडले आणि मग दचकला. "हा कुठला?"

"कणकेचा."

"कुंकू कोणी लावलं?"

मी बोटावरचं कुंकू ओढणीला पुसलं.

"मग आता हा दीड दिवसाचा का पाच दिवसांचा?"

"अहो, खेळातला आहे तो."

"मग दे टाकून."

मला टाकवेना. त्यालाही टाकवला नसता, म्हणून तर विचारत होता. मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही दोघं महान आहात," आणि हातपाय धुवायला गेली. गणपती कपाटावर राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाला भेग गेली. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली, आणि नात अजूनही येता-जाता कपाटाकडे हात करून उं उं करत होती. शेवटी भर मे महिन्यात, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता मी गॅलरीत बादली भरली आणि विसर्जन काढलं.

तीन दिवस समजूत घालून माझा घसा बसला होता. उन्हात उभी राहिले, गणपती दोन्ही हातांत धरला, नात बादलीला धरून उभी. मी म्हटलं, "गणपती बाप्पा…"

आणि मला ठसका लागला. असा लागला की डोळे पांढरे झाले. मी गॅलरीचा कठडा धरून खोकत होते. एरवी पुढचं मीच म्हटलं असतं, नेहमीच म्हणते. खोकला थांबला तेव्हा शांत होतं. खालून कुठलातरी ट्रक रिव्हर्स घेत होता. नात माझ्या तोंडाकडे बघत होती, पुढचं येतंय का याची वाट बघत. ते आलं नाही.

"मोया," ती म्हणाली.

मी गणपती बादलीत सोडला का पडला, आठवत नाही. ती दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून त्याला दाबायला लागली. तीन दिवसांची तिची इच्छा होती. मी थांबवलं नाही. विसर्जन झालं होतं आणि देव विरघळायचाच होता. ते पिवळं पाणी मी नंतर मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं.

मुलीला ऑफिसात फोन केला. "मोरया म्हणाली!"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. तीनदा म्हणाली?"

"एकदा."

"मग तो शब्द आहे का घोषणा?"

संध्याकाळी घरी पडताळणी झाली. आम्ही तीन मोठी माणसं गोल करून बसलो आणि नातीच्या तोंडासमोर "गणपती बाप्पाऽऽ" असं आठ-दहा वेळा ओरडलो. ती केळं खात होती. तिनं शेवटपर्यंत केळंच खाल्लं. खालच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "काकू, आज काय आहे हो?" मुलीनं शब्द पेन्सिलीनं लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पण ती शांतता माझ्या डोक्यातून जाईना. दीड महिन्यात मी पहिल्यांदा एखादं वाक्य अर्धं सोडलं होतं, आणि तेही खोकल्यामुळे. दुसऱ्या दिवशी मी मासेवालीला दार उघडलं. ती मागचं काही बोलली नाही, फक्त मांदेली महाग लावली. मी मुकाट्यानं घेतली.

मग मी गप्प बसायला शिकायला लागले. पंचावन्नाव्या वर्षी. व्हिडिओतल्या बाईनं याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. वाटीत दूध घेऊन बसायचं, "तुला हवं…" म्हणायचं आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. दहा मोजायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात मी एरवी अख्खं लग्न सांगून मोकळी झाले असते. चारला जीभ शिवशिवायची, सहाला ओठ आपोआप हलायचे, सातला मी "दूध" म्हणून टाकायचे आणि मग स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचे. नातीला तो खेळ आवडला. तीही स्वतःच्या कपाळावर मारायला लागली.

भेंडी तिच्या हातात देऊन मी स्वतःचे हात मांडीखाली ठेवून बसायचे. हात बाहेर असले की तोंडही उघडतं, असं लक्षात आलं होतं. ती एकाच ठिकाणी पंधरा वेळा ठसा मारायची. कागदाला भोक पडायचं. भोकातून फरशी निळी व्हायची. मला ते भोक बुजवून त्याचं फूल करावंसं इतकं वाटायचं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवायचे. बोलून मी थकत होते, पण न बोलण्यानं जो थकवा येतो त्याची जातच वेगळी. संध्याकाळी जबडा दुखायचा.

आणि चमत्कार वगैरे काही झाला नाही. जूनच्या मध्यापर्यंत कागदावर तीन शब्द वाढले. 'उघड', 'संपलं' आणि 'माझं'. 'माझं' हा शब्द आला त्या दिवशी तिनं तो माझ्या चष्म्याबद्दल वापरला, आणि चष्मा अजून वाकडा आहे. पण डॉक्टरांना हवे होते जोडलेले दोन शब्द. ते येत नव्हते. दहा दिवस उरले.

मुलगी एका संध्याकाळी पर्स मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. "आई, मी मेल लिहून ठेवलाय. जुलैपासून सोडते म्हणून. पाठवला नाही अजून."

मला किती काय बोलायचं होतं. नोकरी सोडू नको, मी नेईन वाशीला, मला जमेल, तुझ्या वयाची असताना मी… माझ्याकडे त्याची एक गोष्टही तयार होती. पण मला वाशीला आठवड्यातून तीन दिवस जमणार नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. माझे गुडघे तिनं पाहिले होते. मी म्हटलं, "पाठवू नको इतक्यात." एवढंच म्हटलं. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. इतकं छोटं वाक्य तिनं माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. दिवसभर रिपरिप होती, गॅलरी बंद, कपडे घरात वाळत, आणि नात सकाळी साडेपाचपासून जागी. त्या दिवशी अप्पेपात्र झालं, ठसे झाले, टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यांची आगगाडी झाली, आगगाडी बुडवून झाली, कणीक झाली. दुपारी वीज गेली ती चारला आली. सहाच्या सुमाराला मी जमिनीवरच्या सतरंजीवर आडवी झाले. इकडेतिकडे राजमा, पाठीखाली एक चिमटा. काढायला हात जाईना, म्हणून तो तसाच राहू दिला. नात माझ्या पायाशी बसून कणीक दाबत होती.

सातला मुलगी आली. मागोमाग नवरा. मुलीनं दारातच छत्री टेकवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय केलं आज माझ्या बाईनं?"

हा प्रश्न ती रोज नातीला विचारते आणि उत्तर रोज मी देते. भेंडी, खोकी, राजमा, कोण कुठे पडलं, काय सांडलं, सगळं सविस्तर. त्या दिवशीही माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. पण मी बोलले नाही. गेले काही आठवडे मी जो संयम शिकत होते त्याचा यात काही हात नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या अंगात बोलण्याइतकं त्राणच नव्हतं. मी नुसती छताकडे बघत पडले होते.

नवरा एका पायात चप्पल घालून उभा. मुलगी ओल्या पर्ससह उभी. पंख्याची खरखर. नातीनं आईकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं, जरा निरखूनच पाहिलं. मग कणकेचा हात माझ्या पोटरीवर ठेवून आईला म्हणाली,

"आजी दमी."

मुलगी खाली बसली. तिथेच, दारात, पायपुसण्यावर. "काय म्हणालीस? कोण दमलं? परत सांग, बाळा."

नात परत सांगणार नव्हती. तिची बातमी देऊन झाली होती आणि ती पुन्हा कणकेकडे वळली होती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझी साक्ष या घरात चालत नाही, म्हणून मग तिनं वडिलांकडे पाहिलं. नवऱ्यानं दुसरी चप्पल काढली आणि म्हणाला, "मी ऐकलं. दोन्ही शब्द ऐकले."

तो शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला असणार. दिवसातून मी दहा वेळा तो कोणाला तरी ऐकवतेच. माझ्या ओठांवर आलं होतं, "छे गं, कुठे दमलेय, उठतेच, चहा टाकते." आयुष्यभर तेच म्हणत आले. पण पोरीनं पहिलं वाक्य उच्चारलं होतं आणि ते खरं होतं. त्याला खोटं पाडायला मी तोंड उघडलं नाही. तशीच पडून राहिले.

चहा मुलीनं टाकला. साखर घालायची विसरली. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.